पोर्टफोलिओ तयार आहे. आता त्यात कुणाचा तरी मजकूर येऊ दे

तुझा प्रश्न थोडक्यात असा: इलस्ट्रेशनच्या अभ्यासक्रमाचं शेवटचं वर्ष सुरू आहे, वीस-बावीस चित्रांचा पोर्टफोलिओ हाताशी आहे, शिक्षक काम चांगलं म्हणतात, तरी प्रकाशकांना पाठवलेल्या ईमेलना उत्तरं येत नाहीत. पदवी मिळेपर्यंत नेमकी कशाची तयारी करावी, आधी स्वतःची शैली पक्की करावी का, अनुभवासाठी फुकट काम घ्यावं का, आणि यंत्रं चित्रं काढू लागलेली असताना या वाटेला जावंच का, असं तू विचारलं आहेस.

मी वीसेक वर्षं पुस्तकं आणि नियतकालिकांसाठी चित्रं काढते आहे. गेली काही वर्षं विद्यार्थ्यांचे पोर्टफोलिओही बघते. माझ्या विद्यार्थिनी तुझ्याच वयाच्या आहेत, म्हणून एकेरीत लिहिते.

तुझी चित्रं मी पाहिली. रेषा चांगली आहे, रंगांची जाण आहे. पण बावीस चित्रांपैकी एकाही चित्रामागे मजकूर नाही. डोळे मिटलेल्या मुली, फुलांमधले प्राणी, चंद्राखालची घरं. ही सगळी तू तुला हवी तशी, हवा तेवढा वेळ घेऊन, हव्या त्या आकारात काढली आहेस. इलस्ट्रेटरला काम मिळतं ते दुसऱ्याने लिहिलेलं वाचून, दुसऱ्याने आखलेल्या चौकटीत, ठरलेल्या दिवशी चित्र देण्यासाठी. ते तुला जमतं की नाही, याचा पुरावा तुझ्या पोर्टफोलिओत नाही. उत्तरं न येण्याचं एवढं एक कारण मला दिसतं. आणि ते सहा महिन्यांत दूर करता येण्यासारखं आहे.

आर्ट डायरेक्टर, म्हणजे प्रकाशनासाठी चित्रकार निवडणारा माणूस, पोर्टफोलिओ उघडतो तेव्हा त्याच्या टेबलावर एक खरं काम असतं. त्याला जाणून घ्यायचं असतं की गोष्टीतला मुलगा पहिल्या पानावर दिसतो तोच दहाव्या पानावरही ओळखू येईल ना, पळताना, पाठमोरा, रडताना? दोन माणसं एकमेकांशी बोलताना, भांडताना या मुलीला काढता येतात का? हात दिसतात, की प्रत्येक चित्रात पाठीमागे किंवा खिशात लपवले आहेत? खोली काढली तर त्या खोलीत कुणी राहत असल्यासारखं वाटतं का? तुझ्या बावीसपैकी सतरा चित्रांत एकच व्यक्ती आहे, समोर बघणारी, मागे सपाट रंग. अशी चित्रं सुंदर असतात, पण त्यांच्यावरून पुस्तक सोपवण्याचा धीर होत नाही.

त्यामुळे बावीस चित्रं बाराच कर. जे चित्र दाखवताना 'हे जरा जुनं आहे' असं म्हणावंसं वाटतं, ते काढून टाक. बघणारा माणूस तुझी पातळी तुझ्या सर्वांत कमकुवत चित्रावरून ठरवतो, कारण त्याच्या वाट्याला तेच आलं तर काय, ही धास्ती त्याला असते. आणि त्या बारात निदान आठ चित्रं नवी असू देत, मजकुरावरून काढलेली.

ती कशी काढायची, यावर जरा सविस्तर बोलते, कारण खरी तयारी इथेच होते.

स्वतःला काम दे. एखाद्या नियतकालिकातला लेख घे, ज्याचा विषय डोळ्यांना सहज दिसत नाही असा. समजा, झोप न लागण्यावरचा लेख आहे. कागदावर लिही: अर्धं पान, उभं, दोन रंग, रफ (कच्चं रेखाटन) उद्या संध्याकाळी, फायनल परवा दुपारी. वृत्तपत्रांच्या कामात याहून कमी वेळ मिळतो, कधी एकच दिवस. लेख दोनदा वाच. पहिल्यांदा नुसता, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. लेखक शेवटी नेमकं काय म्हणतोय, ते एका वाक्यात लिहून काढ. मग काड्यापेटीएवढ्या चौकटीत वीस थंबनेल, म्हणजे इवली झटपट रेखाटनं, काढ. पहिल्या पाच-सहांत पलंग, घड्याळ, चंद्र आणि मेंढ्या येतील. ते सगळ्यांनाच सुचतं, ते काढून मोकळी हो. बाराव्या-तेराव्या चौकटीनंतर हात अडतो. तिथे उठू नकोस. लेखातलं ते एक वाक्य पुन्हा वाच. लेख जर असं म्हणत असेल की झोपेची काळजी करण्यानेच झोप उडते, तर चित्र त्या फेऱ्याचं हवं, पलंगाचं नव्हे. वीसातले तीन निवड आणि त्यांचे नीट रफ कर. तीन अशासाठी की प्रत्यक्ष कामात सहसा दोन-तीन पर्याय दाखवावे लागतात. तुला सर्वांत आवडलेला निवडला जाईल याची खात्री नसते, म्हणून जो रफ पुढे काढायला तुला नको वाटेल तो दाखवूच नकोस.

अँडी वॉरहॉल प्रसिद्ध चित्रकार होण्याआधी, १९५० च्या दशकात, न्यूयॉर्कमध्ये जाहिरातींसाठी बुटांची चित्रं काढत. ओल्या शाईची रेषा दुसऱ्या कागदावर टिपून घ्यायची त्यांची एक पद्धत होती. त्या एका रेखाटनावरून त्यांना भराभर अनेक आवृत्त्या काढता येत आणि क्लायंटपुढे पर्याय ठेवता येत. ती तुटक, ठिबकणारी रेषाच पुढे त्यांची ओळख बनली. कामाच्या गरजेतून शैली कशी घडते, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

तुझ्या शैलीच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. शैली आधी ठरवून मग काम शोधायला निघू नकोस. दहा वेगवेगळे मजकूर हाताळलेस की कुठल्या गोष्टी तू प्रत्येक वेळी त्याच तऱ्हेने सोडवतेस, हे तुझं तुलाच दिसेल. एवढंच पाहा की बारा चित्रं पाच वेगवेगळ्या लोकांनी काढल्यासारखी वाटू नयेत. माध्यम बदललं तरी चालेल, बघण्याची नजर एक असावी.

दुसरं काम चित्रपुस्तकाचं. कॉपीराइटची मुदत संपलेली एखादी जुनी लोककथा घे. सगळं पुस्तक पूर्ण करायची गरज नाही. मात्र पूर्ण पुस्तकाचा आराखडा कर, छोट्या चौकटींत, सगळी पानं एका कागदावर मावतील असा. चित्रपुस्तकं बहुतेक ३२ पानांची असतात. छापील ताव दुमडून सोळा-सोळा पानांचे फॉर्म बनतात, त्यामुळे पानांची संख्या अशीच पडते. त्यातली मुखपान, श्रेयपान वगैरे वजा केली की गोष्टीला बारा ते चौदा जोडपानं (समोरासमोरची दोन-दोन पानं) उरतात. त्या तेवढ्या जागेत गोष्ट कुठे थांबते, कुठे पान उलटायला लावते, हे ठरवणं हेच निम्मं काम. आराखडा झाला की तीन जोडपानं पूर्ण रंगव: एक गर्दीचं, एक शांत, एक जिथे पात्राच्या भावना बदलतात. पात्र तिन्हींत तेच दिसलं पाहिजे. शिवाय त्या पात्राचं एक पान कर, त्यात ते चार बाजूंनी आणि सहा-सात मनःस्थितींत असू दे.

आणि मजकुरात जे लिहिलेलंच आहे ते पुन्हा काढू नकोस. 'म्हातारी दार उघडून बाहेर आली' असं वाक्य असेल आणि चित्रातही म्हातारी दार उघडून बाहेर येत असेल, तर वाचणाऱ्या मुलाला चित्रातून नवीन काय मिळालं? दाराआड कोण लपलंय, म्हातारीच्या पायात चपला उलट-सुलट आहेत, मागे चुलीवर काही उतू जातंय, हे लेखकाने सांगितलेलं नाही. ते सांगण्याची जागा तुझी आहे. माझ्या मते या पेशातला सगळ्यात मोठा आनंद या जागेत आहे, आणि याच जागेवरून आर्ट डायरेक्टर नुसती चित्रं काढणारी आणि गोष्ट वाचणारी यांत फरक करतो.

रफमध्ये जिवंत असलेलं चित्र फायनलमध्ये मरतं, हा अनुभव तुला आला असेलच. ब्रिटिश इलस्ट्रेटर क्वेंटिन ब्लेक यांची पद्धत मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. ते लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या पेटीवर, रफ ठेवतात, वर जाड कागद, आणि खालची रेषा गिरवत न बसता तिच्या आधाराने नव्याने काढतात. रफ अंधूकच दिसतो, त्यामुळे हात सावध असतो पण बांधलेला नसतो. डिजिटल कामातही हे करता येतं. रफचा लेयर अगदी फिका कर आणि झूम न करता काढ.

छपाईची बाजू अभ्यासक्रमात घाईने उरकली जाते, पण बाहेर पहिली फजिती तिथेच होते. माझ्या पहिल्या चित्रपुस्तकात मी एका जोडपानाच्या बरोबर मधोमध आजीचा चेहरा काढला. पडद्यावर ते पान अतिशय देखणं दिसत होतं. पुस्तक शिवून आलं तेव्हा आजीचं नाक शिवणीत गेलं होतं आणि दोन्ही डोळे एकमेकांना चिकटले होते. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, मी पाहिलं होतं, पण सुटं, सपाट पान पाहिलं होतं. तेव्हापासून मी आराखडा झाला की कागद दुमडून, दोऱ्याने शिवून खोटं पुस्तक बनवते आणि पानं उलटून बघते. तूही बनव आणि पोर्टफोलिओ प्रत्यक्ष दाखवायला जाशील तेव्हा ते बरोबर ने. लोक ते हातात घेतात, उलटतात, आणि बोलायला लागतात.

बाकी आकडे पाठ असू देत. छापायच्या मूळ आकारात ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. चारी बाजूंनी निदान ३ मिलिमीटर ब्लीड (पानाच्या कडेबाहेर वाढवलेलं चित्र), म्हणजे कापताना कडेला पांढरी रेघ उरत नाही. ए४ पान २१० बाय २९७ मिलिमीटरचं; ब्लीड धरून २१६ बाय ३०३, आणि ३०० डीपीआयला सुमारे २५५१ बाय ३५७९ पिक्सेल. पडद्यावरचे झगझगीत निळे-हिरवे रंग सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळा, काळा अशा चार शायांच्या) छपाईत मंद होतात, म्हणून रंगवायला घेण्यापूर्वीच एकदा रूपांतर करून बघ. चित्राच्या आत अक्षरं काढू नकोस. काढावीच लागली तर वेगळ्या लेयरवर ठेव. चित्रपुस्तकं अनेक भाषांत एकत्र छापली जातात तेव्हा चारही रंगांच्या प्लेट त्याच ठेवून फक्त मजकुराची स्वतंत्र काळी प्लेट बदलतात. रंगीत चित्रात रुतलेलं एक अक्षर सगळ्या आवृत्त्यांचा खर्च वाढवतं, आणि हे ठाऊक असलेली विद्यार्थिनी प्रकाशकाला फार आवडते.

आता हक्क. तुझ्या प्रश्नात याबद्दल एक शब्दही नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

तू चित्र काढलंस की त्याचा कॉपीराइट आपोआप तुझा होतो. १८८६ च्या बर्न कराराला मान्यता दिलेल्या देशांत त्यासाठी नोंदणीची अट नाही. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्राची गोष्ट निराळी. तिथे हक्क बहुधा मालकाचा असतो, आणि याचे बारकावे देशागणिक बदलतात. फ्रीलान्स कामात तू सहसा चित्र 'विकत' नसतेस, ते वापरण्याची परवानगी देत असतेस. त्या परवानगीच्या चार बाजू असतात: कशासाठी वापरणार, कोणत्या प्रदेशात, किती काळ, आणि तेवढ्या काळात दुसऱ्या कुणाला तू तेच चित्र देऊ शकतेस की नाही. पैसे या चार गोष्टींवर ठरतात. चित्राला किती तास लागले हे तुझ्या हिशोबासाठी. तेवढाच वेळ लागलेल्या चित्राची किंमत एका छोट्या मासिकाच्या आतल्या पानासाठी एक असते आणि सगळ्या जगभर पाच वर्षं चालणाऱ्या जाहिरातीसाठी वेगळी. मूळ कागदावरचं चित्र कुणाकडे राहणार, हा आणखी स्वतंत्र प्रश्न आहे. कागद दिला म्हणून हक्क दिले असं होत नाही.

माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या मुखपृष्ठाच्या वेळी मी करार न वाचता सही केली. 'सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे' असं त्यात होतं. दोन वर्षांनी ते चित्र मला दिनदर्शिकेवर, वहीवर आणि एका मगवर दिसलं. तक्रार करायला जागाच नव्हती, मीच लिहून दिलं होतं. मला त्या पैशांपेक्षा हे जास्त लागलं की मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

इंग्रज लेखिका-चित्रकार बिअट्रिक्स पॉटर यांनी हक्कांचं हे महत्त्व शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ओळखलं होतं. त्यांची पीटर रॅबिट या सशाची गोष्ट प्रकाशकांनी नाकारली, तेव्हा डिसेंबर १९०१ मध्ये त्यांनी स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. १९०२ मध्ये रंगीत आवृत्ती प्रकाशकाकडून निघाली आणि १९०३ मध्ये त्यांनी त्या सशाच्या बाहुलीची अधिकृत नोंदणी केली. पण अमेरिकेत पुस्तकाच्या कॉपीराइटची नोंद व्हायची राहिली. तिथे तेव्हा ती आवश्यक होती (अमेरिका बर्न करारात १९८९ मध्ये आली), आणि तिथल्या अनधिकृत आवृत्त्यांतून त्यांना काही मिळालं नाही. एक कागद राहिला, एवढंच कारण.

म्हणून पहिल्या कामापासून सगळं लेखी घे. वकिली भाषा लागत नाही, साधा ईमेल चालतो: किती चित्रं, आकार, रफ कधी, फायनल कधी, किती वेळा बदल करून देणार, पैसे किती आणि कधी, वापर कुठे आणि किती काळ, काम मधेच रद्द झालं तर किती रक्कम द्यायची. बदलांची संख्या लिहायला विसरू नकोस. रफवर दोनदा बदल आणि रंगवल्यावर किरकोळ दुरुस्ती, अशी वाटणी मला पुरते. अनोळखी क्लायंटकडून सुरुवातीला काही हिस्सा घ्यावा. यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. नीट काम करणारी माणसं अशा ईमेलने उलट निर्धास्त होतात.

फुकट कामाचं म्हणशील तर, जो तुझ्या चित्रातून पैसे कमावणार आहे त्याला फुकट देऊ नकोस. 'नाव होईल' या आश्वासनावरून मला तरी पुढचं काम मिळालेलं आठवत नाही. आणखी फुकट कामांची विचारणा मात्र झाली. मनापासून पटलेल्या संस्थेसाठी करायचं असेल तर जरूर कर, पण मग विषय आणि मांडणी तुझ्या हातात असू दे. स्पर्धांच्या अटी वाच. सहभागी झालेल्या प्रत्येकाच्या चित्राचे सगळे हक्क आयोजकाकडे जातील, असं काही स्पर्धांत लिहिलेलं असतं. त्यांपासून लांब राहा. चांगल्या जागाही आहेत. इटलीतल्या बोलोन्या शहरात १९६४ पासून बालपुस्तकांचा आंतरराष्ट्रीय मेळा भरतो आणि १९६७ पासून तिथे इलस्ट्रेटर्सचं निवडक प्रदर्शन असतं. त्यासाठी एकमेकांशी जोडलेली पाच चित्रं पाठवायची असतात. बघ, तिथेही एक सुंदर चित्र मागत नाहीत, सलग पाच मागतात. तुझ्या लोककथेची जोडपानं याच कामी येतील.

ईमेल पाठवताना एकच मजकूर साठ जणांना पाठवू नकोस. बारा ठिकाणं निवड, त्यांची अलीकडची पुस्तकं किंवा अंक खरंच बघ, आणि तुझं काम तिथे कुठे बसेल हे तुला स्वतःला पटलं तरच लिही. चार-पाच ओळी पुरेत: कोण आहेस, काय काढतेस, त्यांच्या कोणत्या प्रकारच्या पुस्तकाशी ते जुळतं. दोन-तीन लहान आकाराची चित्रं थेट ईमेलमध्येच दिसू देत आणि खाली वेबसाइटची लिंक. वीस एमबीची फाइल जोडलीस तर ती उघडलीच जाणार नाही. उत्तर आलं नाही म्हणजे नकार असं समजू नकोस. बहुतेक वेळा चित्र एका फोल्डरमध्ये जाऊन पडतं आणि योग्य काम येईपर्यंत तिथेच असतं. मला एका ईमेलचं उत्तर चौदा महिन्यांनी आलं होतं, तेही 'पुढच्या महिन्यात मोकळ्या आहात का?' असं. तीन-चार महिन्यांनी नवं काम झालं की नवं चित्र पाठव, 'आधीचं पाहिलंत का' असं विचारू नकोस. एजंटकडे इतक्यात जायची घाई नको. ते साधारणपणे २५ ते ३० टक्के घेतात आणि हातात काही छापून आलेलं काम असलं की बोलणंही बरोबरीने होतं.

पहिली काही वर्षं फक्त फ्रीलान्सवर भागेल असं धरून चालू नकोस. अर्धवेळ नोकरी, शिकवणं, डिझाइनचं काम, यात कमीपणा नाही. पैशांची तातडी नसली की वाईट करार नाकारता येतो. मात्र आठवड्यातले ठरलेले तास चित्रांसाठी राखून ठेव आणि ते कुणाला देऊ नकोस.

आणि यंत्रांची भीती. ती खोटी नाही. झटपट, स्वस्त, सर्वसाधारण चित्रं लागणारी काही कामं खरोखर कमी होताहेत, आणि ज्या चित्रकारांच्या कामावर ही यंत्रं शिकवली गेली त्यांना विचारलं गेलं नाही, याचा मला राग आहे. पण वीस थंबनेलांतली पहिली सहा आठवतात का? पलंग, घड्याळ, मेंढ्या? यंत्राला ती सगळ्यात आधी आणि सगळ्यात सहज सुचतात. पुढच्या चौदांसाठी मजकूर समजून घेणारं कुणीतरी लागतं, जे आर्ट डायरेक्टरशी फोनवर बोलून 'लेखकाला तिसऱ्या परिच्छेदात हे म्हणायचंय का?' असं विचारतं. स्केचबुकं, थंबनेल, रफ जपून ठेव, तारखा घालून. चित्र तुझं आहे हे दाखवायला ती उपयोगी पडतील, आणि दोन-तीन कामांचा असा प्रवास पोर्टफोलिओत ठेवलास तर तुझा विचार कसा चालतो हे बघणाऱ्याला कळेल. कोणत्या क्लायंटला यंत्राचा वापर चालतो आणि कोणाला नाही, हे काम घेतानाच विचार आणि खरं सांग.

या आठवड्यात झोपेचा लेख घे. नेमका तोच हवा असं नाही, पण विषय तितकाच हाताला न लागणारा असू दे. रफ उद्या संध्याकाळी, फायनल परवा दुपारी. वीसही थंबनेल फोटो काढून मला पाठव, फायनल नंतर बघू.